तांबड्या पट्ट्याचं झाड

आदल्या संध्याकाळी झाडावर पाच फळं रंगावर आलेली होती. सकाळी तीन उरली.

लेकीनं हात न लावता वाकून पाहिलं. पाखरानं चोच मारली असती तर देठाला सालीची फाटकी चिंधी लोंबत राहिली असती. इथं देठ मधल्या पेरापाशी स्वच्छ तुटला होता. फळाखाली तळहात धरून अंगठ्यानं पेर मागं मोडलं की असं तुटतं. तसं तोडायला तिला बाबांनीच शिकवलं होतं.

मागच्या अंगणात भिंतीलगत टोमॅटोची सहा झाडं होती आणि प्रत्येकाच्या बुंध्याशी घड्याळाचा एक जुना पट्टा सैलसर बांधलेला होता. पोलादी, तपकिरी, काळा, कापडी, हिरवा, तांबडा. बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. हात कापायला लागल्यावर दुकान बंद केलं, पण डोळ्याला लावायचं भिंग, बारीक चिमटे आणि पट्ट्यांचा डबा तेवढा घरी आणला. त्याच चिमट्यानं त्यांनी एकदा, हात अजून बरे असताना, न उमललेल्या कळीतले पुंकेसर काढले होते आणि तिच्यावर दुसऱ्याच जातीचा पराग टेकवला होता. तिथून दरसाल सहा झाडं लावायची, त्यांतलं एक निवडायचं, फक्त त्याचंच बी धरायचं. घरात त्या टोमॅटोला नाव नव्हतं. "जात स्थिरावल्याशिवाय बारसं नाही," असं बाबा म्हणत. म्हणून नुसतंच पाचवी पिढी, सहावी पिढी. यंदाची सातवी.

फळ गोटीपेक्षा जरा मोठं. खालून पिवळं, पिवळ्यावर लाल रेघा, आणि खांद्यांवर ऊन लागेल तितकंच जांभळं. पानाची सावली पडली असेल तिथं पानाच्या आकाराचा पिवळा डाग राहायचा. देठाचं हिरवं फूल उचललं की त्याखाली फिकट चांदणी उमटलेली असायची. सहावीतही हे सगळं आलं होतं. चवही आली होती. एकच खोट होती. चावून संपलं तरी साल जिभेवर उरायची, कागदाच्या कपट्यासारखी. सातवीत ती साल जाते का, एवढंच पाहायचं राहिलं होतं. आणि ते पाहायचं म्हणजे खाऊन पाहायचं.

तेच नेमकं बंद झालं होतं. बाबांच्या किडन्या थकल्या होत्या. रक्तात पोटॅशियम साठत होतं, आणि किडनीच्या डॉक्टरबाईंनी टोमॅटोवर पहिली काट मारली होती.

लेक स्वयंपाकघरात आली. बाबा टेबलाशी बसून बिनसाखरेच्या चहाकडे अविश्वासानं बघत होते.

"बाबा, तांबड्या पट्ट्याची दोन फळं कुठं गेली?"

"गेली म्हणून कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"मग पाखरं असतील."

"वर जाळी आहे."

"जाळीत शिरणारीही असतात. लहान चणीची."

"अंगठ्यानं देठ मोडणारी?"

बाबांनी चहाचा घोट घेतला. "हल्ली पाखरंसुद्धा शिकलेली असतात."

"बसला चौकशी आयोग," आई ओट्यापाशी म्हणाली. "मला साक्षीला बोलवू नका, माझं दूध उतू जातंय."

"आई, हसण्यावारी नेऊ नकोस. त्यांचं पोटॅशियम परवा सहाच्या वर होतं. ते वाढलं की दुखत नाही, खुपत नाही. हृदय एका ठोक्यानंतर दुसरा द्यायचं विसरतं, बस्स."

आईनं गॅस बंद केला. बाबांनी कप खाली ठेवला. त्यांनी तिला लहानपणी सेकंदकाटा असं नाव ठेवलं होतं, कारण ती कुठं ठरायची नाही आणि थांबली तर घरातल्या सगळ्यांना चुकल्यासारखं व्हायचं. "सेकंदकाट्या," ते म्हणाले, "मी गिळत नाही. चावतो, चव घेतो आणि थुंकतो. पाणी घेऊन चूळ भरतो."

"बाबा, तुम्ही आयुष्यात एक घास तरी थुंकलाय?"

"तुझ्या हातची पहिली भाजी."

एरवी ती हसली असती.

त्या आठवड्यात तिनं सगळं पुन्हा तपासलं. केळी घरात येत नव्हती. बटाटे सोलून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी मोरीत जात होतं. पालेभाज्यांचंही तेच. ती शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ होती. पाण्यात काय आहे आणि किती आहे हे सांगायचा तिला पगार मिळत होता. स्वतःच्या घरात तिला ते सांगता येईना. जेवताना एकदा ती म्हणाली, "भाजी कडवट लागतेय."

"सगळा अर्क उकळून मोरीत ओतायचा आणि वर चव विचारायची," आई म्हणाली. "ह्यांना तर घास उतरत नाही. मी आपलं मीठ जरा सढळ टाकते. तेवढंच तोंडाला काहीतरी लागतं."

"टाक. ते मीठ चालतं," लेक म्हणाली आणि पाण्याचा ग्लास घेतला.

शनिवारी दुसरा रिपोर्ट आला. आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेला होता. डॉक्टरबाईंनी कागद टेबलावर पालथा ठेवला, जणू तो रोग्यानं वाचू नये.

"घरात काहीतरी चुकतंय. केळी?"

"बंद."

"नारळपाणी, सुकामेवा?"

"नाही."

"मीठ?"

"मिठाचं कधीच सांभाळलंय, डॉक्टर. ब्लडप्रेशर निघालं तेव्हापासून."

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि पुढच्या ओळीवर गेल्या. "टोमॅटो?"

लेकीनं बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीकडे बघत होते.

"बुधवारी पुन्हा रक्त तपासू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोवर पाय जड झाले, अंगातलं बळ गेलं, छातीत धडधडलं, तर बुधवारची वाट बघायची नाही."

घरी आल्यावर पायऱ्या चढताना बाबांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. पूर्वी ते एका हातानं धरायचे. लेकीनं ते पाहिलं.

रविवारी संध्याकाळी ती झाडांना पाणी घालायला गेली तेव्हा तांबड्या पट्ट्याच्या झाडाचं आणखी एक फळ गेलेलं होतं. देठ पेरापाशी मोडलेला. बाबा भिंतीजवळच्या स्टुलावर बसले होते. त्यांच्या गालाची हालचाल थांबली.

"तोंड उघडा."

"काय लहान मूल आहे मी?"

"बाबा, तोंड उघडा."

त्यांनी उघडलं. तोंडात काही नव्हतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं. जमिनीवर नुकतंच पाणी पडलेलं, सगळीकडे चिखल. थुंकलेलं असलं तरी दिसलं नसतं. नसलं तरीही.

"हेच आहे," बाबा हलक्या आवाजात म्हणाले. एखादं बंद पडलेलं घड्याळ चालू झाल्यावर गिऱ्हाइकाला सांगायचे तसं. "बाकी पाच झाडं बाद. साल नाही राहिली ह्याची. म्हणजे, राहिली नाही असं वाटलं. पुरतं पिकलेलं नव्हतं. वरचा झुबका चार दिवसांत पिकेल, मग नक्की कळेल. चार दिवस दे."

"चार दिवसांत तुम्ही असाल का?"

"मी नसलो तर हे तरी असेल."

हे ऐकल्यावर तिच्या हातात कात्री कशी आली हे तिला नीट आठवलं नसतं. कात्री तिथंच कुंडीच्या काठावर होती, रोजच्यासारखी. तिनं तांबड्या पट्ट्याच्या वर, बुंध्याला कात्री लावली.

"अगं, बी तरी—" बाबा उठले. उठताना गुडघा वाकला आणि ते पुन्हा स्टुलावर बसले.

खोड जाड होतं. एका दाबात तुटलं नाही. दुसऱ्यात तुटलं. हिरवा, उग्र वास अंगणभर सुटला. झाड आधाराच्या दोऱ्यांना अडकून तसंच उभं राहिलं, मग एका बाजूनं हळूच कलंडलं.

तिला वाटलं होतं ते ओरडतील. बाबा वाकले, बुंध्याचा पट्टा सोडवला, पँटला घासून पुसला आणि खिशात ठेवला. मग भिंतीचा आधार घेत आत गेले. रात्रीच्या जेवणाला ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. आईशी बोलले. "मीठ दे जरा," म्हणाले. आईनं बरणी पुढं सरकवली.

सोमवारी कामावर लेकीनं पहिल्यांदा तो हिशेब केला. खरं तर आधीच करायला हवा होता, पण राग असला की माणूस बेरीज करत नाही, सरळ निकालाला जातो. एवढ्याशा टोमॅटोत किती पोटॅशियम असतं हे तिला माहीत होतं. गायब झालेली सगळी फळं सालीसकट गिळली असं धरलं. वर एकदोन तिच्या नजरेतून सुटली असंही धरलं. बाबांच्या किडन्या आहेत त्याहून निम्म्यानं वाईट धरल्या. तरी रिपोर्टातला आकडा त्या फळांनी चढत नव्हता. कशानंच चढत नव्हता. पोटॅशियम दुसरीकडून कुठून तरी, रोज, चांगलं भरपूर येत होतं.

तिनं कागद बाजूला केला. पाण्याची आम्लता मोजायच्या यंत्राचा काचेचा दांडा कोरडा पडू द्यायचा नसतो, तो एका द्रावणात बुडवून ठेवतात, आणि ते द्रावण संपत आलं होतं. तिनं कपाटातून बाटली काढली, झाकण उघडलं आणि चमच्यानं पांढरे दाणे तराजूवरच्या कागदावर घेतले. दाणे एकमेकांवर घसरले आणि त्यांचा छोटा ढीग झाला. साधं मीठ पडावं तसा.

चमचा तिच्या हातात राहिला.

बाटलीवर लिहिलेलं होतं: पोटॅशियम क्लोराइड.

बाबांचं ब्लडप्रेशर निघालं तेव्हा किडन्या ठणठणीत होत्या. तेव्हा तिनंच दुकानातून ते खास मीठ आणलं होतं, कमी सोडियमचं. सोडियम काढून त्याजागी काय घालतात हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. त्या वेळी ते योग्यच होतं. पुडा बरणीत रिकामा केला, वेष्टन केरात टाकलं, आईला सांगितलं, "हे मीठ चांगलं, ह्याची काळजी करू नकोस." आईनं तेव्हापासून दुसरं मीठ घरात आणलं नाही. बरणीवर नुसतं 'मीठ' असं लिहिलेलं. मग किडन्या बिघडल्या, आणि घरातल्या प्रत्येक डब्याकडे संशयानं पाहणाऱ्या लेकीनं त्या एका बरणीकडे पाहिलं नाही, कारण ती बरणी आधीच पास झालेली होती.

टाक. ते मीठ चालतं.

तिनं घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. जेवायची वेळ होत आली होती. आईचा फोन बहुधा बाहेरच्या खोलीत, उशीखाली. बाबांचा तर बंदच असायचा, घड्याळ असताना फोन कशाला म्हणून. तिसऱ्यांदा वाजत असतानाच ती जिना उतरली होती. प्रयोगशाळेचा कोट अंगावर तसाच होता. स्कूटर पहिल्या झटक्याला सुरू झाली नाही. सिग्नलला ती थांबली, कारण सगळेच थांबले होते, आणि पुढच्या गाडीच्या पाठीवर लिहिलेलं सगळं तिनं वाचलं, पण त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

दार उघडंच होतं. बाबा टेबलाशी बसले होते. ताट समोर, निम्मं संपलेलं.

"ये," ते म्हणाले. रविवारपासूनचा हा पहिला शब्द होता. "आज भाजीला चव आहे."

तिनं ताट ओढून घेतलं. घास बाबांच्या बोटांत राहिला.

"तोही टाका."

"आता भाजीही चोरीची का?"

"बाबा, टाका!"

तिचा आवाज ऐकून आई मागच्या दारातून धावत आली. हात मातीचे, केसात टोमॅटोचं पान. "काय झालं? मी मागं होते. फोन वाजला का?"

लेकीनं बाबांचं मनगट धरलं. नाडी संथ होती, फार संथ. आणि मध्येच एक ठोका यायचा राहून गेला. तिनं वाट पाहिली. पुढचा आला.

"उठा. दवाखान्यात जायचं."

बाबांनी टेबलावर तळवे टेकले, जोर लावला आणि नवल वाटल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. "पाय उचलत नाहीयेत गं."

शेजारचा रिक्षावाला आणि ती, दोघांनी मिळून त्यांना खुर्चीसकट उचललं. आई मागून येत होती. लेकीच्या सांगण्यावरून तिनं मिठाची बरणी पदराखाली धरली होती, कोणी हिसकावेल अशी.

हृदयाच्या आलेखाची पट्टी यंत्रातून बाहेर येत होती तेव्हा डॉक्टरबाईंनी ती पूर्ण यायची वाट पाहिली नाही. त्यांनी इंजेक्शन मागितलं. मग दुसरं. मग कुणीतरी पडदा ओढला. लेक पडद्याबाहेर उभी राहून यंत्राचा आवाज ऐकत होती. दोन टिकांमधलं अंतर कमी होतं का, एवढंच ती ऐकत होती. बराच वेळ झालं नाही. मग झालं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. लेकीनं बरणी पुढं केली आणि दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, जिभेला एक दाणा लावला.

"जेवण पुरं झालं असतं तर आपण वेगळं बोललो असतो," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "मीठ कोणतं, हे मीही विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी बाबा उशीला टेकून बसले होते. लेकीनं त्यांना मिठाचं सांगितलं. आडपडदा न ठेवता, ते घरात कसं आलं तिथपासून.

बाबांनी छताकडे पाहिलं. "म्हणजे चोर मी नव्हतो."

"चोर होतातच. ह्या गुन्ह्यात नव्हतात."

"थुंकत होतो, हे तरी आता पटलं?"

"पटलं."

"त्यानं झाड पुन्हा उभं राहणार आहे का?"

आई सफरचंद सोलत होती. तिची सुरी थांबली.

"झाड मी टांगलंय," आई म्हणाली. "मागच्या पत्र्याखाली, उलटं. फेकवेना मला. तेच करत होते काल, हिचा फोन वाजला तेव्हा."

बाबांनी मान वळवली. "फळं?"

"आहेत वर. मला काय कळतंय तुमचं त्यातलं."

घरी यायला आठवडा गेला. बाबा आधी खोलीत गेलेच नाहीत, काठी टेकत मागच्या दारी गेले. झाडाची पानं वाळून चुरगळली होती, पण वरचा झुबका, आता खालचा, पिकला होता. पत्र्याखाली ऊन नव्हतं, त्यामुळे जांभळं पुढं चढलं नव्हतं. बाकी पिवळं होतं, लाल रेघाही होत्या. बाबांनी एकाचं हिरवं फूल उचलून पाहिलं. चांदणी होती.

त्यांनी पेर मोडून फळ तोडलं आणि तिच्यापुढं धरलं.

"तू खा. मी डॉक्टरबाईंना शब्द दिलाय. थुंकणंसुद्धा बंद."

तिनं पुसलं, तोंडात टाकलं, चावलं. बाबा तिच्या जबड्याकडे बघत होते, जसे ते पूर्वी भिंगातून चक्राकडे बघायचे.

"आधी आंबट. मग गोड, आंबट जायच्या आतच. मागून काहीतरी येतं, पानाच्या वासासारखं."

"ते बरोबर. साल?"

ती चावत राहिली. फळ संपलं होतं. जिभेच्या कडेला एक कपटा होता, पातळ, पण होता. बाबांच्या खिशातून तांबड्या पट्ट्याचं टोक बाहेर डोकावत होतं. नाही राहिली म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? हा माणूस आता कधीच तपासून पाहणार नव्हता.

"राहते," ती म्हणाली. "थोडी."

"सहावीइतकी?"

"सहावीपेक्षा कमी. पण राहते."

बाबांनी डोळे मिटले. आई दारात येऊन उभी राहिली.

"तुटलेल्या झाडावर पिकलं की साल चिवट होतेच," बाबा शेवटी म्हणाले. "ती ह्याची आहे का तुझ्या कात्रीची, हे फळ सांगणार नाही."

"म्हणजे हेच ते होतं का, हे आपल्याला कळणारच नाही?"

"बी पेरल्याशिवाय नाही. पुढच्या साली, उन्हात, झाडावर पिकू द्यायचं. मग चाखायचं." त्यांनी डोळे उघडले. "चाखायचं तू. मला सांगायचं. आत्ता सांगितलंस तसं."

उरलेली फळं तिनं बोटांनी फोडली. बी आणि बुळबुळीत गर असा सगळा ऐवज कशात तरी काढायला हवा होता. तो दोनतीन दिवस आंबला की बी सुटं होऊन तळाशी बसतं.

"ही घ्या, धुऊन ठेवलीय," आई म्हणाली आणि मिठाची रिकामी बरणी पुढं केली.

"त्यात नको!" दोघं एकदम म्हणाले.

"बरं बाई," आई म्हणाली, "जशा काही ह्या बियांनाही किडन्या आहेत," आणि काचेचा ग्लास आणून दिला.

लेकीनं बी ग्लासात काढलं, वर पाणी घातलं. बाबांनी खिशातून पट्टा काढला आणि ग्लासाभोवती गुंडाळला. बक्कल लावायला गेले तेव्हा बोटं कापायला लागली. काडी भोकापाशी जायची, हुकायची, पुन्हा जायची. लेकीचा हात अर्धा पुढं आला होता. तिनं तो मागं घेतला, मांडीवर ठेवला आणि काडी भोकात बसेपर्यंत तशीच बसून राहिली.